घळसासी बाई आणि ऑगस्टमधली नदी

घळसासी बाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चपला काढायच्या आधी विचारत, "उत्तर कुठे?"

घरातली माणसं गोंधळत. कुणी खिडकीकडे बोट दाखवी, कुणी हायवेकडे. बाई मग पर्समधून कुंकवाच्या डबीएवढं होकायंत्र काढत, तळहातावर धरत आणि सुई थांबेपर्यंत कुणाला बोलू देत नसत. "हं, म्हणजे तुमचा फ्रिज नैर्ऋत्येला आहे," असं म्हणून झालं की निश्चिंत मनाने सोफ्यावर बसत. मंडळाच्या गणपतीला भाड्याच्या हॉलमध्ये आरतीच्या आधी त्यांनी हेच केलं. मूर्ती पूर्वाभिमुख आहे असं गुरुजी माइकवरून सांगत होते. बाईंनी पहिल्या रांगेतून शांतपणे सांगितलं, "वायव्य." आरती सात मिनिटं उशिरा सुरू झाली, कारण टेबल फिरवावं लागलं.

कराडच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि १९८३ साली मुलाकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्या होत्या. मुलगा श्रीकांत आणि सून मीना आमच्याच रस्त्यावर तीन घरं सोडून राहत. दोघं नोकरीला जात. माझी लॅबमधली ड्यूटी सकाळी लवकर सुरू होऊन दुपारी संपे, त्यामुळे बाईंना कुठे नेणं-आणणं हे काम माझ्याकडे आलं. मी याद्या करणारी बाई आहे. यादीत नसलेलं काम माझ्या हातून होत नाही आणि यादीत असलेलं राहत नाही. त्या वर्षाची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या एका पानावर लिहिलंय : 'दूध, बल्ब, ड्राय क्लीनिंग, घळसासी बाई – नदी.'

नदी बघायची ही त्यांची पहिली मागणी होती. शिकागोच्या उंच इमारती नकोत, मॉल नको. "गावाला नदी आहे असं श्रीकांत म्हणाला. ती दाखव." आमच्या गावातून एक छोटी नदी जाते आणि तिच्या काठाने तेव्हा नुकतीच विटांची पायवाट झाली होती. आम्हाला त्या पायवाटेचा फार अभिमान होता. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते पाणी जन्मभर पाहिलेल्या बाई पाच वारी साडीवर श्रीकांतचं जाडजूड जॅकेट घालून काठावर उभ्या राहिल्या. इकडून तिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्याला नदी म्हणता?"

"बाई, हळू. लोक आहेत."

"मराठीत म्हटलंय. कुणाला कळतंय?"

शेजारच्या बाकावर एक म्हाताऱ्या गोऱ्या बाई बसल्या होत्या. बारीक चण, डोक्याला रेशमी रुमाल, मांडीवर पिशवी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत, पण इथल्या नसलेल्या उच्चारांत म्हटलं, "तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नाही. पण तोंड बघून कळलं. बरोबर आहे तुमचं. ही नदी नाही, गटार आहे."

बाईंनी मला बाजूला सारलं आणि बाकावर बसल्या. "तुमची नदी कुठली?" त्यांनी विचारलं.

"ल्वार," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

"फ्रान्स. मॅसिफ सेंट्रलमध्ये उगम, आधी उत्तरेला, मग वळून पश्चिमेला, अटलांटिकला मिळते," घळसासी बाई एका दमात म्हणाल्या. "तुमचं गाव कुठल्या काठावर?"

म्हाताऱ्या बाईंनी पिशवी खाली ठेवली. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना अमेरिकेत चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. "डाव्या," त्या म्हणाल्या.

त्यांचं नाव ओदेत. नवरा वॉल्टर इथला, दुसऱ्या महायुद्धानंतर तो त्यांना इकडे घेऊन आला आणि दोन वर्षांपूर्वी वारला. दोन गल्ल्या पलीकडे त्या एकट्या राहत. ल्वारच्या काठचं त्यांचं गाव सँक्लेर. ते कुठल्याच साध्या नकाशात नसतं इतकं लहान. लग्नानंतर त्या तिथे एकदाही गेल्या नव्हत्या. आधी मुलगी लहान होती, मग आईवडील राहिले नाहीत, मग जायचं कुणाकडे हा प्रश्न उरला. दोघींचं बोलणं इंग्रजीत चाले. घळसासी बाईंचं इंग्रजी पाठ्यपुस्तकासारखं चोख होतं, ओदेतबाईंचं नाकातून येई. पण माझ्या कानात ते सगळं मराठीतच राहिलंय, म्हणून मराठीत लिहिते.

त्या आठवड्यापासून माझ्या यादीत मंगळवार आणि शुक्रवारच्या दुपारी 'बाई – ओदेत' असं कायमचं आलं.

बाईंचं म्हणणं असं की माणसाचं गाव डोळ्यांपुढे उभं राहिल्याशिवाय त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. "आधी नकाशा, मग मत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मीनाने नवीन पडदे कुठे लावायचे विचारलं तरी हेच. तेव्हा सँक्लेरचा नकाशा करायचं ठरलं. किराणा दुकानातून येणाऱ्या खाकी कागदी पिशव्या बाईंनी उसवल्या, कणकेच्या खळीने एकमेकींना चिकटवल्या आणि ओदेतबाईंच्या जेवणाच्या टेबलाएवढा कागद तयार केला. नदीसाठी निळा रंग हवा होता. ट्रंकेतून कपड्यांची नीळ निघाली. ती पाण्यात कालवून ल्वार नदी वाहू लागली. अटी दोन होत्या. नकाशा पूर्ण होईपर्यंत कुठलंही पुस्तक उघडायचं नाही, कारण "आधी साक्षीदार, मग ग्रंथ." आणि प्रत्येक प्रश्न-उत्तर क्रमांक घालून वहीत लिहायचं. वही माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

साक्षीदाराची काय तपासणी चाले! "धक्क्याच्या पायऱ्या किती?"

"एकोणीस."

"तुमच्या दारातून चर्च कुठल्या हाताला?"

"डाव्या. आत छताला एक लाकडी नाव टांगलेली आहे. नावाड्यांनी वाहिलेली."

"किती लांब?"

"मादाम प्रोफेसर, मी आठ वर्षांची होते. मी प्रार्थना करत होते."

"प्रार्थना डोळे मिटून करतात. तुम्ही नाव बघत होतात. किती लांब?"

ओदेतबाई हसून लोळत आणि मग हात पसरून लांबी दाखवत. बाई त्या हातांना टेप लावत.

असं ते गाव त्या बर्फाळ हिवाळ्यात पिशव्यांवर उभं राहिलं. डाव्या काठावर पांढऱ्या दगडाचा कडा आणि त्याच्या पायथ्याशी घरांची एकच लांब रांग. तो दगड खाणीतून निघतो तेव्हा सुरीने कापता येतो आणि हवेत राहिला की घट्ट होतो. सगळं गाव त्याचंच बांधलेलं, वर काळ्या पाटीच्या दगडाची छपरं. कड्यात पोकळ्या उरल्या, त्यांत अळंबी पिकवत. ओदेतबाईंनी अळंबीचं सूप पुढे केलं तेव्हा बाईंनी विचारलं, "ती कशावर उगवतात?" ओदेतबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "अंधारात, घोड्याच्या लिदीवर." सूप तसंच राहिलं. बाईंनी वहीत मात्र ते लिहून घ्यायला लावलं.

समोरचा उत्तर काठ सखल, तिथे मैलोन् मैल मातीचा बांध, आणि बांधाच्या पलीकडून रेल्वे. रेल्वे यायच्या आधी मीठ, दारू, पाटीचे दगड सगळं नदीतून जाई. सपाट तळाच्या नावा एकामागे एक बांधायच्या, समुद्राकडून पश्चिमेचा वारा आला की चौकोनी शिडं उभारून प्रवाहाच्या उलट वर जायचं आणि येताना पाण्याबरोबर खाली यायचं. ओदेतबाईंच्या पणजोबांची अशी नाव होती. रेल्वे समोरच्या काठावर आली आणि नावा संपल्या. पणजोबांनी नाव मोडून तिच्या फळ्यांचा माळ्यावर जायचा जिना केला. "म्हणजे मी लहानपणी रोज नावेतून झोपायला जात होते," ओदेतबाई म्हणाल्या. बाईंनी हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

बेकरीच्या भिंतीवर जुन्या महापुरांच्या तीन खुणा कोरलेल्या होत्या. गावातल्या मुलांची उंची या खुणांशी मोजत. दहाव्या वाढदिवसाला ओदेतबाईंचं डोकं मधल्या खुणेला लागलं होतं. बाईंनी दहा वर्षांच्या बारीक मुलीची उंची धरून, पायऱ्यांची उंची मिळवून, धक्क्यापासून पुराचं पाणी किती चढलं असेल त्याचा हिशेब मांडला. उत्तर आल्यावर त्यांनी हातावर हात चोळले. एवढ्या खूश झालेल्या मी त्यांना नातीच्या वाढदिवसालाही पाहिलं नव्हतं.

बाईंच्या वर्गातला एक नियम इथे सांगायला हवा. ज्या मुलीचं उत्तर चुकेल तिने उभं राहून तीन वाक्यं बोलायची. चूक काय झाली, का झाली आणि बरोबर काय. रडायचं नाही, सबब सांगायची नाही, तीन वाक्यं झाली की बसायचं आणि विषय संपला. हा नियम त्यांनी समुद्रापलीकडेही चालू ठेवला. मी एकदा एक्झिट चुकले तर म्हणाल्या, "हं, बोल. उभं राहणं माफ, गाडी चालू आहे." मी बोलले. श्रीकांतही बोलायचा. चाळीस वर्षांचा मॅनेजर, स्वयंपाकघरात ताठ उभा राहून सांगायचा, "मी दूध उतू घालवलं. मी टीव्ही बघत होतो. दुधाजवळ उभं राहायला हवं होतं." मीना फ्रिजकडे तोंड करून हसायची. बाईंना मात्र ही तीन वाक्यं म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. त्यांची चूक झालेलीच कुणी पाहिली नव्हती.

फेब्रुवारीत वॉल्टरची गोष्ट आली. लढाईत सँक्लेरचा पूल उडवला गेला होता. मग अमेरिकन सैनिक आले, त्यांना तात्पुरता पूल बांधायचा होता. वॉल्टर बूट गळ्यात अडकवून, हातात काठी घेऊन, पाण्याची खोली मोजत समोरच्या काठावरून नदीतून चालत येत होता. ओदेतबाई धक्क्यावर उभ्या होत्या. नदीत डावीकडे एक खड्डा आहे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी फ्रेंचमध्ये ओरडून सांगितलं, तिकडे जाऊ नको. वॉल्टरला फ्रेंच येत नव्हतं. पोरगी आपल्याला बोलावतेय असं वाटून तो हसत हसत तिकडेच गेला आणि छातीपर्यंत बुडाला. "माझं लग्न त्या खड्ड्यामुळे झालं," ओदेतबाई म्हणाल्या.

"महिना?" बाईंनी विचारलं.

"ऑगस्ट."

बाईंनी पेन्सिल थांबवली. "ऑगस्टात नदीतून चालत? शक्य नाही."

"वाळूवरून. ऑगस्टात तिथे वाळूच असते. आम्ही तिच्यावर बसून जेवायचो, नाचायचो. पूर यायचा तो थंडीत. नाताळात आमच्या तळघरात पाणी असायचं."

"ओदेतबाई, पूर ऑगस्टात येतो आणि वाळू दिसते ती त्यानंतर कित्येक महिन्यांनी. तुमच्या आठवणीत उन्हाळा आणि हिवाळा यांची अदलाबदल झालीय. वयानं होतं असं." बाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह काढलं. वाळूपाशी, तळघरापाशी आणि वॉल्टरच्या खड्ड्यापाशी.

ओदेतबाईंनी कॉफी ओतली. बशीत थोडी सांडली, तेवढंच.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सुट्टी काढून त्यांची मुलगी लिंडा आली. ती मिलवॉकीला राहायची. एकुलती एक, नोकरी करणारी, दर दोन आठवड्यांनी रविवारी दोन तास गाडी चालवत येणारी. वाईट अजिबात नव्हती, दमलेली होती. आई दोनदा किटली गॅसवर विसरली होती, एकदा तिने नातवाला वॉल्टर म्हणून हाक मारली होती. आईला आपल्याजवळच्या वृद्धनिवासात न्यावं, असं तिच्या मनात घोळत होतं. त्या दिवशी मी बाईंना घ्यायला गेले तर लिंडा टेबलाशी वाकून नकाशा बघत होती.

"किती सुंदर! आणि या लाल खुणा कसल्या?"

"तिथे तुमच्या आईची आठवण चुकते," बाई तपासलेली उत्तरपत्रिका परत करावी तशा आवाजात म्हणाल्या. "ऋतूंचा घोळ आहे."

लिंडा सरळ झाली. "तुम्ही जॉग्रफी टीचर ना?"

"एकतीस वर्षं."

"मलाही तेच वाटत होतं," लिंडा हळूच म्हणाली.

पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो तर ओदेतबाईंनी दार अर्धंच उघडलं. साखळी काढली नाही. लिंडाने मिलवॉकीला खोली ठरवली होती. एप्रिलपासून. घर बंद होणार होतं.

"मादाम प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला नापास केलंत." आणि दार लावलं.

गाडीत बाईंनी कुठे वळायचं तेसुद्धा सांगितलं नाही. उतरताना म्हणाल्या, "उद्या लायब्ररी. यादीत लिही."

लायब्ररीत त्यांनी युरोपचे सगळे नकाशासंग्रह टेबलावर मांडून घेतले. मला वाटलं, आपलंच बरोबर आहे हे दाखवायला पुरावा शोधतायत. मला वाटतं, त्यांनाही तसंच वाटत होतं. मी शेजारी बसून आठवड्याची यादी करत होते. तासाभराने पानांचा आवाज थांबला. एका जाडजूड पुस्तकात नद्यांच्या पाण्याचे महिनावार आलेख होते. प्रत्येक महिन्याचा एक उभा खांब. ल्वारचे हिवाळ्यातले खांब उंचच उंच होते. बाईंचं बोट उन्हाळ्याकडे सरकत सरकत एका खांबावर थांबलं.

"शुभा, हा ऑगस्ट बघ."

तो माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता.

"पश्चिम युरोपीय हवामान," बाई पुटपुटल्या. "पाऊस वर्षभर. उन्हाळ्यात बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी कमी. नववीला आहे. मीच शिकवलंय. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला. "आणि ऑगस्ट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घाट बुडालेली कृष्णा आली. ती बाई तिच्या नदीबद्दल सांगत होती आणि मी माझ्या नदीनं तिला तपासलं."

मी म्हटलं, "बाई, आपण ओदेतबाईंना फोन करून सॉरी म्हणू या."

"फोन? चूक मी कुणापुढे केली?"

"लिंडापुढे."

"मग लिंडा कधी येते?"

रविवारी लिंडा सामान बांधायला येणार होती. आम्ही सकाळी दहाला दारात उभ्या होतो. बाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती, शाळा तपासायला साहेब येणार असले की नेसायच्या तशी. हातात, सवयीने, कागदात गुंडाळलेला खडू होता, माझ्या हातात वही. दार लिंडाने उघडलं. हॉलमध्ये पुठ्ठ्याचे खोके पडले होते. ओदेतबाई खुर्चीत पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"मला पस्तीस मिनिटं हवीत," बाई म्हणाल्या.

"मिसेस घळसासी, धिस इज नॉट अ गुड टाइम."

"म्हणूनच आलेय. नकाशा कुठे आहे?"

नकाशा घडी करून एका खोक्यात घातलेला होता. बाईंनी तो बाहेर काढला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्या खिळ्याला अडकवला, खालची टोकं मला धरायला लावली. लिंडाला खुर्चीत बसायला सांगितलं. ती का बसली ते तिलाही कळलं नसेल. मग बाई नकाशाच्या शेजारी ताठ उभ्या राहिल्या, हात बाजूला.

"तुमच्या आईंची आठवण चुकते असं मी सांगितलं, ती माझी चूक झाली. मी त्यांची नदी माझ्या गावच्या नदीसारखी असेल असं धरून चालले, पुस्तक न उघडता. ल्वार ऑगस्टात आटते आणि हिवाळ्यात भरते, म्हणजे तुमच्या आईंचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे."

तीन वाक्यं. नंतर नियमाप्रमाणे त्या बसायला वळल्या, पण बसायला खुर्ची नव्हती, एका खोक्यावर बसल्या. खोका थोडा दबला.

"आता शुभा, वही वाच," बाई खोक्यावरूनच म्हणाल्या. "सतरा आणि अठ्ठ्याण्णव."

मी वाचलं. प्रश्न सतरा, ऑक्टोबर : धक्क्याच्या पायऱ्या किती? एकोणीस. प्रश्न अठ्ठ्याण्णव, जानेवारी : तुम्ही सर्वांत वरच्या पायरीवर आणि भाऊ सर्वांत खालच्या, तर मध्ये पायऱ्या किती? सतरा.

"मी प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न दोनदा विचारलाय, तीन महिन्यांच्या अंतराने, फिरवून," बाई लिंडाला म्हणाल्या. "माझ्या वर्गात असल्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीही गडबडायच्या. तुमची आई एकदाही गडबडली नाही. किटली म्हणाल तर मीही विसरते. शुभा साक्षीला आहे."

होते. गेल्या महिन्यात मीनाचं पातेलं त्यांनी जाळलं होतं. मी मान हलवली.

लिंडा नकाशाकडे बघत होती. "हे काय लिहिलंय? खड्ड्याजवळ?"

"तिथे तुमचे वडील पडले."

"डॅड? पडला?" लिंडा वळली. "ममा, तो तर सांगायचा की तो पोहत आला!"

ओदेतबाई इतका वेळ पाठमोऱ्याच होत्या. आता त्यांनी खुर्ची फिरवली. "पोहत? त्याला पोहता येत नव्हतं! माझ्या भावाने त्याला कॉलर धरून ओढला! मी वर उभी राहून ओरडत होते, आणि तो काय करतोय, तर बुडता बुडता मला हात हलवतोय!"

लिंडा हसायला लागली, आणि हसता हसता तिला थांबता येईना, डोळे पुसत राहिली. मग तिने विचारलं, आणि हे मी वहीत नव्हतं लिहिलं तरी मला पक्कं आठवतंय, "ममा, तुझ्या घरातून चर्च कुठल्या बाजूला होतं?"

पुढची पस्तीस नाही, दीडशे मिनिटं त्या दोघी नकाशासमोर होत्या. मी आणि बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन यादी केली, कारण हसणं ठीक, पण किटलीचा प्रश्न खराच होता. शिट्टी वाजणारी किटली : मी आणणार. रोज दहा वाजता बाई येऊन बघणार. बाईंच्या किल्ल्यांत एक किल्ली ओदेतबाईंची. लिंडाचा नंबर फोनच्या वर चिकटवायचा. लिंडाने यादी वाचली, शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली : 'सहा महिने बघू.' आणि खोके उघडायला घेतले.

निघताना बाईंनी लाल पेन्सिल काढली. नकाशावरची ती तीन प्रश्नचिन्हं खोडली नाहीत. प्रत्येकाशेजारी छापील अक्षरांत लिहिलं, 'चूक तपासणारीची.' खाली सही केली. ओदेतबाईंनी चष्मा लावून ते वाचून घेतलं आणि विचारलं, "मग मी पास?"

"तोंडी परीक्षेत. प्रात्यक्षिक बाकी आहे," बाई म्हणाल्या.

ते काय ते मला जुलैत कळलं. बाईंचा परतीचा प्रवास ठरला तेव्हा त्यांनी श्रीकांतला सांगितलं, विमान पॅरिसला थांबणारं बघ, आणि मला तिथे आठ दिवस उतरायचंय. ओदेतबाई पॅरिसपर्यंत बरोबर येतील. श्रीकांत हादरला. "आई, फ्रान्समध्ये तू खाणार काय?"

"पाव. आणि अळंबी सोडून सगळं."

कागदपत्रं जमवायची यादी दोन पानी झाली. लिंडाने तिकिटं पाहिली, मी व्हिसाचे फॉर्म भरले. विमानतळावर दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. एक पाच वारीत, दुसरी रेशमी रुमालात. पिशव्यांच्या नकाशाची गुंडाळी कुणी धरायची यावरून त्यांचं बारीकसं भांडण चाललं होतं. घळसासी बाईंना मी प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हा शेवटचं. त्या पुन्हा अमेरिकेत आल्या नाहीत. "तिथली नदी बघून झाली," असं त्यांनी मीनाला कराडहून कळवलं.

ओदेतबाई तीन आठवड्यांनी परत आल्या, आणखी पाच वर्षं आपल्या घरात राहिल्या. किटली शिट्टी वाजवत राहिली.

सप्टेंबरात मला एक पाकीट आलं. आत एक रंगीत फोटो, थोडा तिरपा, कारण काढणारीने हसता हसता काढला असणार. रुंद नदी, पण पाणी कमी आणि वाळू जास्त. डावीकडे पांढरा कडा, मागे पूल. आणि नदीच्या ऐन मध्यात, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, एका हातात चपला आणि दुसऱ्या तळहातावर होकायंत्र धरून घळसासी बाई उभ्या. तोंडावर हसू नाही. सुई थांबायची वाट बघतायत.

फोटोच्या मागे त्यांच्या अक्षरात तीन वाक्यं होती.

'ऑगस्टात ही नदी चालत ओलांडता येणार नाही असं मी म्हटलं होतं. मी इथे आले नव्हते. पाणी घोट्यापर्यंत.'

आणि खाली बारीक अक्षरात : 'फोटो बघताना उत्तर तुझ्या उजव्या हाताला आहे.'

फ्रिजवर लावला असता, पण माझा फ्रिज उत्तरेच्या भिंतीला आहे; तिथे उत्तर उजव्या हाताला न येता समोर येते. म्हणून तो जिन्याजवळ लावलाय, पश्चिमेच्या भिंतीवर.